बटण दाबून जमलेली माणसं

२ फेब्रुवारी

पोपटा,

फोन केला तर तू कापतोस. मेसेज केला तर ‘कामात आहे, नंतर करतो’ एवढंच येतं, आणि तुझं ते ‘नंतर’ काही उगवत नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. कागद फाडता येतो हे कबूल, पण फाडायच्या आधी माणूस निदान वाचतो तरी.

थंडी सुरू झाल्यापासून तू एकाही रविवारी ऑनलाइन खेळायला आला नाहीस. पहिल्यांदा वाटलं काम असेल. मग वाटलं आजारी असशील. आता कळलंय की तसलं काहीच नाही. आपल्या गटातला ड्रायव्हर परवा सांगत होता. अॅम्ब्युलन्सची पाळी संपवून तो घरी आला आणि आपल्यातलं कुणी नव्हतं म्हणून त्याने आपोआप गट जमवणारं ते जुळणीचं बटण दाबलं. अनोळखी चार जण मिळाले आणि त्यांत वैद्य तू. त्याने माइक चालू करून तुला हाक मारली, दोनदा मारली. तू काही बोलला नाहीस. खेळातलं ते भुयार संपेपर्यंत त्याच्या जखमा भरत राहिलास आणि संपल्याबरोबर गायब झालास. तो मला म्हणाला, ‘ताई, त्याने माझा जीव वाचवला, पण ओळख दाखवली नाही.’

म्हणजे खेळायला तुला वेळ आहे. आमच्याशी खेळायला नाही.

हा खेळ आपल्याला काय होता ते तुला सांगायला नको. आजोबांच्या आजारपणाचं तुमच्याकडे उशिरा कळवलं, ते गेल्यावर आत्या पोचली, आणि तेव्हापासून दोन्ही घरांचा अबोला. आत्याने आमचं घर टाकलं, आईने तुमचं नाव घेणं सोडलं. आता बाबा नाहीत, आत्या नाही, तरी अबोला आहे तिथेच बसलाय, घरातल्या जुन्या कपाटासारखा. त्याला बगल देऊन आपण दोघं रविवारी दुपारी भेटत होतो ते या भुयारांत. मी पुढे ढाल घेऊन, तू मागे वैद्य, आणि मारामारीला ड्रायव्हर आणि ते बेकरीवाले दोघे भाऊ. वैद्याचं काम जखमा भरायचं, पण तू त्याहून मोठं काम करायचास. पुकारायचास. डावीकडे व्हा, मागे या, ताई थांब. बाजारात लिलाव पुकारणारा गळा तो. मी तुझ्या आवाजावर डोळे मिटून पुढे जायची.

शेवटच्या रविवारी भुयारातल्या त्या विषारी राणीने आपल्या पाचांनाही लोळवलं आणि मी तुझ्यावर खेकसले, झोपलास काय रे, वेळेवर बोलायला काय होतं. तेच लागलं असेल तर तसं सांग. लहानपणी तुझ्या पाठीत धपाटे घालायची तेव्हा तू असा रुसला नव्हतास.

उत्तर पाठव. आईला हे पत्र माहीत नाही.

ताई

१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची रांग वाट चुकल्यासारखं. वाचायला एक संध्याकाळ गेली, पण छान गेली.

रुसलो बिसलो नाही. तुझं ओरडणं मनाला लावून घ्यायचं ठरवलं असतं तर मी केव्हाच साधू झालो असतो. खरं कारण अगदीच साधं आहे. बाजारातल्या माझ्या वेळा बदलल्या. आता मला पुकारायला उभं करत नाहीत, काट्यावर बसवलंय. टोमॅटोचे क्रेट येतात, मी वजन बघतो, चिठ्ठी लावतो, पुढचा क्रेट येतो. बढतीच समज, बसायला खुर्ची आहे. रविवारी दुपारी नेमकं काहीतरी निघतं. मग जेव्हा वेळ मिळेल तेव्हा बटण दाबतो.

आणि त्या बटणाला तू नावं ठेवू नकोस. फार सोयीचं आहे ते. पूर्वी आपण पाच जण जमायची वाट बघायचो. एकाचा फोन लागत नाही, दुसऱ्याच्या घरी पाहुणे. मग भुयाराच्या तोंडापर्यंत डोंगर तुडवत चालत जायचं, वाटेत बेकरीवाल्यांचं भांडण ऐकायचं. आता मी वैद्य आहे एवढं सांगितलं की झालं. वैद्यांचा सगळीकडे तुटवडा, त्यामुळे मला रांगेत थांबावंही लागत नाही. चार माणसं येतात, आपण थेट भुयारात. काम संपलं की ज्याचा तो मोकळा. कुणी विचारत नाही कसा आहेस, कुठे होतास. ती माणसं पुन्हा कधी भेटतही नाहीत.

ड्रायव्हरला सांग, माझा माइक बिघडलाय. त्याने वाईट वाटून घेऊ नये.

फोनचं म्हणशील तर थंडीने घसा बसलेला असतो, बोलायला त्रास होतो. उन्हाळा लागला की बघू. मामीचे गुडघे कसे आहेत? तिला विचारलंय म्हणून सांगू नकोस, पण मला कळव.

तुझा
पोपट

९ मार्च

पोपटा,

माइक बिघडला तर नवा मिळतो. बोटं तर शाबूत आहेत ना? ड्रायव्हरला दोन अक्षरं टाइप करता आली असती. तेव्हा थापा मारायच्या तर जरा मेहनत घेऊन मार.

तुझं ते सोयीचं बटण मीही दाबून पाहिलं. म्हटलं, बघू तरी आमच्यापेक्षा गोड माणसं कोण मिळतात ते. लॅबमधून आले, हात धुतले आणि बसले. ढाल म्हणून नाव लावलं. पडद्यावर खिडकी उघडली, मंडळी जमली म्हणे. मी सवयीने लिहिलं, नमस्कार, मी या भुयारात बऱ्याच दिवसांनी येतेय. कुणी उत्तर दिलं नाही. मी वाक्य पूर्ण करेपर्यंत चौघं पुढच्या वळणावर पोचले होते. वाटेत तो भूमिगत धबधबा आहे ना, जिथे बेकरीवाला धाकटा दर वेळी पाण्यात पडायचा, तिथे मी जरा थांबले. एकाने लिहिलं, ‘ढाल झोपलीय का?’ लगेच समोर पाटी आली की तुम्हाला गटातून काढायचं मत पडलं आहे. आणि मी बाहेर. गावाच्या चौकात, एकटी, हातात ढाल.

हसू नकोस. मी त्या चौकात बराच वेळ तशीच उभी राहिले होते. मला राग आला नाही, तेच जास्त वाईट. मला वाटलं, बरोबर आहे त्यांचं.

तुला माहितीये मी दिवसभर काय करते. लोकांच्या तोंडाचे ठसे येतात, मी प्लास्टरचे जबडे करते, मेणात दात बसवते, घासते, चकाकी आणते, डब्यात घालून डॉक्टरकडे पाठवते. इतक्या वर्षांत मी केलेले दात घालून कुणी हसताना मी पाहिलेलं नाही. जबडे ओळखते, माणसं नाही. घरी आई आहे, पण आईचं आणि माझं बोलणं म्हणजे गोळी घेतली का आणि गॅस बंद केला का. आठवड्यातून एकदा तुझा आवाज कानात यायचा. टोमॅटो कसे फुटले, कुठला व्यापारी कुणावर डाफरला, हे सगळं तू भुयाराच्या वाटेवर चालता चालता सांगायचास. तो डोंगर मला जड झाला नव्हता रे. तो डोंगरच हवा होता.

रविवार तर आता मोडलाच. तू नाहीस म्हणून आम्ही एक वैद्य बटणाने मागवून पाहिला, पण ते दोघे भाऊ म्हणाले की मग सगळेच बटणाने का नको. पीठ फुगेपर्यंत त्यांचं एक भुयार उरकतं, त्यांना तेच सोयीचं आहे.

आता एकच सांगते. पुढच्या रविवारी चार वाजता मी फोन करीन. तू उचलायचा. काही सांगू नकोस, कारणं देऊ नकोस. नुसतं ‘ताई’ म्हण. घसा बसलेला असला तरी चालेल. एवढं ऐकलं की मी पुन्हा काही विचारणार नाही.

गुडघे तसेच आहेत.

ताई

२३ मार्च

फोन तू उचललास. तिकडे रस्त्यावरच्या गाड्या मला ऐकू येत होत्या, म्हणजे लाइन चांगली होती. मी तीनदा हाक मारली. नखाने टकटक करत होतास की पेन वाजवत होतास कुणास ठाऊक. कंटाळलेला माणूस वाजवतो तसं.

बोलणं बंद करायचं तर आपल्या घराण्यात ते नवं नाही. आत्याचा मुलगा शोभतोस. यापुढे मी त्रास देणार नाही.

१९ एप्रिल

ताई,

हे पत्र मी चारपाच वेळा लिहायला घेतलं. दर वेळी सुरुवातीला विनोद सुचतो आणि तो लिहून झाला की पुढचं लिहवत नाही. म्हणून या वेळी आधी मूळ गोष्ट सांगतो.

मला आता आवाज नाही. घसा बसला आहे असं नव्हे, आवाजाची पेटीच काढून टाकलीय. गळ्याच्या पुढच्या बाजूला, शर्टाच्या पहिल्या गुंडीच्या वर, एक भोक आहे आणि मी तिथून श्वास घेतो. त्यावर कापड बांधतो. नाकाला वास येत नाही, चहावर फुंकर मारता येत नाही. बाकी मी जेवतो, चालतो, काट्यावर बसतो.

पावसाळ्यापासून आवाज घोगरा झाला होता. बाजारात सगळ्यांचेच गळे फाटलेले, कुणाला काय वाटणार. त्या शेवटच्या रविवारी राणीने विष टाकलं तेव्हा मी ओरडलो होतो, ताई. ‘मागे हो’ असंच ओरडलो होतो. तोंडातून नुसती हवा निघाली. तू खेकसलीस त्याचं मला काही वाटलं नाही, तुला काय माहीत. पण मला तेव्हा कळलं की हे नुसतं घसा बसणं नाही.

डॉक्टरांनी गळ्याचं चित्र काढून आतली गाठ दाखवली आणि म्हणाले, गळा तरी राहील किंवा तुम्ही तरी. सोबत कोण आहे विचारलं, तर खालच्या सायकल दुरुस्तीवाल्याला नेऊन उभं केलं. भला माणूस, दुकान बंद ठेवून आला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी बाजारात गेलो. कुणाला सांगितलं नव्हतं. उरलासुरला आवाज होता त्यात शेवटचा ढीग पुकारला, फुलकोबीचा होता. मालही काही खास नव्हता. व्यापाऱ्यांनी नेहमीसारखी चेष्टा केली, म्हणाले आज बेडूक लावलाय का लिलावाला. मीही हसलो. मग घरी आलो आणि आता कुणाशी काय बोलावं ते सुचेना. खोलीत एकट्याने बोलून पाहिलं तर भिंतीची लाज वाटली. म्हणून तुला फोन केला. तू उचलला नाहीस, कामात असशील. दुसऱ्या दिवशी तू उलट केलास तेव्हा मला आत घेतलं होतं.

यात तुझी काही चूक आहे असं चुकूनही मनात आणू नकोस. मी नंतर कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण तुझ्याकडे माझा आवाज होता. बाजारात सगळ्यांनी मला बघितलं, नजर खाली घातली, पाठीवर हात ठेवला. काट्यावरची खुर्ची दिली ती कीव म्हणूनच. फक्त तू एकटी उरली होतीस जिला मी अजून पोपट होतो. ते जाऊ द्यायला जीव होईना.

दवाखान्यातून एक यंत्र दिलंय. दाढीच्या मशीनसारखं दिसतं. गळ्याला लावून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की शब्द निघतात. पण कसे, तर डबक्यात पडलेल्या रेडिओसारखे. एकदा बाजारात लावलं. सगळे गप्प झाले. पुन्हा लावलं नाही, कपाटात आहे. तू फोन केलास तेव्हा मात्र ते हातात होतं. गळ्याला लावलंही होतं. तू ‘पोपटा’ म्हणालीस, आणि त्या आवाजात तुला ‘ताई’ म्हणायची माझी छाती झाली नाही. म्हणून नखाने टकटक केली. तुला कळेल असं का वाटलं कुणास ठाऊक. माणूस मूर्ख होतो अशा वेळी.

आता खेळातल्या त्या बटणाबद्दल खरं सांगतो. घरी आल्यावर पहिले दिवस मी खेळ उघडून नुसता बघत बसायचो. तुम्ही चौघं दिसायचात, नावापुढे हिरवा दिवा. माइक लावा म्हणाल या भीतीने मी लपून राहायचो. मग एकदा जुळणीत गेलो, आणि लक्षात आलं की तिथे कुणीच बोलत नाही. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिथे मी आजारी नाही, मुका नाही, कारण तिथे सगळेच मुके. मी चांगला वैद्य आहे एवढंच त्यांना माहीत, आणि तेवढंच त्यांना हवं. मला वाटलं, सुटलो. मी एकामागून एक भुयारं केली.

पण तुला खोटं लिहिलं मी. त्यात काही राहत नाही, ताई. एवढी माणसं वाचवली, त्यांतलं एकाचं नाव आठवत नाही. एकदा एक जण काम संपल्यावर जायच्या आधी माझ्यासमोर वाकला. नुसता वाकला आणि गेला. खेळ मला बाहेर काढेपर्यंत मी त्या रिकाम्या भुयारात उभा होतो. ड्रायव्हर समोर आला तेव्हाही तसंच. त्याने हाक मारली आणि मला काही करता येईना, म्हणून त्याला मरू दिलं नाही, एवढंच.

तू रागावशील ते रास्त आहे. त्रास देणार नाही म्हणाली आहेस, तेवढं मात्र मागे घे.

पोपट

३० एप्रिल

पोपटा,

तुझा तो फोन मला आठवतो. माझ्या दोन्ही हातांना प्लास्टर लागलेलं होतं, फोन टेबलावर फिरत होता. मी नाव बघितलं आणि म्हटलं, हा बडबड्या आहे, आता उचलला तर प्लास्टर सुकेल. संध्याकाळी करू. संध्याकाळी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. यावर तू मला चूक नाही वगैरे लिहू नकोस. चूक नाही हे मलाही कळतं. तरी तो टेबलावर फिरणारा फोन आता माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि मी रागावलेय. फार रागावलेय. आपल्या घरात एक आजारपण उशिरा कळवलं म्हणून दोन घरं तुटली. ते बघत तू मोठा झालास आणि तूही तेच केलंस. मी कशी पोचणार होते? आत्या पोचली तशी, सगळं झाल्यावर?

टकटक म्हणजे कंटाळा असं मी लिहिलं, त्याबद्दल काय म्हणू. तुझं पत्र वाचल्यावर मी उठून गच्चीत गेले आणि बराच वेळ कठड्यावर नखाने वाजवत उभी राहिले. कसं ऐकू येतं ते बघत होते.

मग खाली आले आणि ठरवलं की हे लपवाछपवीचं पुरे. आई भाजी निवडत होती. तिच्यासमोर बसून तुझं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. तिने तुझं नाव घेतलं नाही की मला थांबवलं नाही. निवडायची भाजी संपली तरी ती देठांशी चाळा करत राहिली. वाचून झाल्यावर फक्त एवढंच म्हणाली, ‘एकटाच गेला दवाखान्यात?’

मी म्हटलं, सायकलवाला होता बरोबर. त्यावर ती उठून आत गेली.

सोबतच्या पुडक्यात जे आहे ते तिचं आहे. तिची जुनी मऊ सुती चादर होती, ती फाडून रात्रंदिवस शिवत बसली होती. मला विचारलं की त्याचा गळा बाबांसारखा रुंद आहे की आत्यासारखा बारीक. मी म्हटलं, बारीक. चिठ्ठी लिही म्हटलं तर नको म्हणाली. नाड्या मागे बांधायच्या आहेत. धुऊन पाठवल्यात.

आता रविवारचं. मी ड्रायव्हरला सगळं सांगितलं, तुला विचारल्याशिवाय. तो म्हणाला, अॅम्ब्युलन्समध्ये अशी माणसं तो रोज नेतो, त्याला ओळखायला हवं होतं. बेकरीवाल्यांनाही कळवलंय. या रविवारी पाचांनीही माइक बंद ठेवायचे. तुझ्यासाठी नाही, बघूया तरी तू कसला स्वर्ग सांगतोस मुक्यांचा. चार वाजता, भुयाराच्या तोंडाशी. चालत यायचं.

ताई

२५ मे

ताई,

मामीच्या पट्ट्या अगदी मापात बसल्या. दवाखान्यातल्या कापडाने मान खाजायची, या लागतसुद्धा नाहीत. तिला काय निरोप द्यायचा ते मला सुचत नाही. बसल्या मापात, एवढंच सांग.

आता चार रविवार झाले, तर हिशेब मांडतो. पहिला रविवार फसला, हे मान्य करायला हवं. बेकरीवाले दोघे बिचारे आले, मला बघून एवढे अवघडले की लढायचं विसरले. धाकटा दर मिनिटाला ‘बरा आहेस ना’ लिहायचा, आणि तो लिहीत असताना राक्षस त्याला खायचा. कितीदा मेलो कुणास ठाऊक. त्यांनी दुसऱ्या रविवारी कामाचं कारण दिलं. मी त्यांना दोष देत नाही. शांततेत बसायला माणूस तेवढा जवळचा लागतो, आणि आम्ही मुळात गमतीपुरते मित्र होतो.

मग आपण तिघंच उरलो आणि तुला वाटलं आता संपलं. तेव्हा मीच म्हटलं, बटण दाबू. दोन कमी आहेत, ते दोन मिळतील. तू ‘त्या हलकटांना कोण बोलावणार’ असं लिहिलंस, पण दाबलंस.

काल जे दोघे आले होते, त्यांतला एक पुढे पळाला, मेला, आपल्याला शिव्या लिहून निघून गेला. त्याच्या जागी क्षणात दुसरा आला. तो काही बोलला नाही, पण ड्रायव्हर थांबला की थांबायचा. त्या दोघांना काय ठाऊक, की या पाचांतल्या एका बाईने एका माणसाला लहानपणी बदडलंय आणि तिसऱ्याने दोघांचं भांडण मिटवलंय. त्यांच्या दृष्टीने आपणही बटण दाबून जमलेलीच माणसं.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का, माहीत नाही. पूर्वी तू कधी मागे बघायची नाहीस. गरजच नव्हती, मी ओरडायचो. आता मी जमिनीवर लाल खूण टाकतो, आणि ती दिसायला तुला वळावं लागतं. काल बघत होतो. तू चार पावलं जातेस आणि वळून बघतेस. पुन्हा चार पावलं, पुन्हा वळतेस. राक्षस अंगावर आला तरी आधी वळतेस. मला ते बघून बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. माझ्यामुळे तुझी चाल बिघडली. वेळ लागतो आता. तो पळपुटा त्याच्यावरच वैतागला असणार.

खेळ बंद केल्यावर खोली पुन्हा असते तेवढीच होते. खाली सायकलवाला चाकं फिरवून बघतो, त्याचा आवाज येतो. सोमवारी पुन्हा काटा. हे तुला सांगतोय ते तक्रार म्हणून नाही. तू मेसेजवर विचारायचीस कसा आहेस, आणि आतापर्यंत मी त्याचं उत्तर दिलंच नव्हतं.

पोपट

६ जून

पोपटा,

चाल माझी आहे, बिघडली तर बिघडली.

मी पंधरा तारखेला रजा टाकलीय. सकाळच्या गाडीने निघेन, दुपारी तुझ्याकडे. नको म्हणायला फोन करशील तर तुला यंत्र लावावं लागेल, तेव्हा माझं येणं पक्कं समज. आईला विचारलं येतेस का. म्हणाली, गुडघे. मग थोड्या वेळाने म्हणाली, जिना किती आहे त्याच्याकडे. मला माहीत नव्हतं. तू काही कळवू नकोस, मी बघून येते आणि सांगते तिला.

तुझ्याकडे आजवर कधी आले नाही. पत्ता पाकिटावरचा माहीत आहे, घर माहीत नाही. कसं यायचं ते लिही.

ताई

१० जून

प्रिय ताई,

स्टँडवर उतरलीस की मोठ्या रस्त्याने सरळ ये. बाजाराची भिंत लागेल, तिला उजवा हात लावून चालत राहा. भिंत संपते तिथे सायकलचं दुकान आहे, बाहेर चाकं टांगलेली असतात. वरच्या दोन खोल्या माझ्या. सायकलवाल्याला विचारलंस तर तो ‘ते मुके राहतात ते ना’ म्हणेल. रागावू नकोस, त्याच्या मनात काही नसतं. त्याच्याकडून एक खुर्ची मागून ठेवलीय, कारण माझ्याकडे एकच आहे.

जिना दुकानाच्या बाजूने आहे. अरुंद आहे, पण उंच नाही, मधे टेकायला एक कट्टा आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमेल. तू सांगू नको म्हणालीस तरी लिहून ठेवतो.

यंत्र कपाटातून काढून टेबलावर ठेवलंय. तुझ्यासमोर लावेन की नाही, ते आत्ता सांगत नाही. तूही विचारू नकोस.

वर आलीस की दार बंद दिसेल, पण कडी लावलेली नसेल. तू ठोठावशील आणि आतून कुणी ‘कोण आहे’ म्हणणार नाही, ‘आलो’ म्हणणार नाही. म्हणून घरात कुणी नाही असं समजून थांबू नकोस, परत वळू नकोस. दार लोट आणि आत ये.

तुझा
पोपट